पाट मांडला, पाट सोडला, पाट लावला

प्रश्न : माझं माहेर साक्रीकडचं, सासर नागपुरात महालात. माहेरी पाट म्हणजे शेताला पाणी नेणारा. इथे सासूबाई 'पाटपाणी झालं, चला' म्हणतात ते जेवायला. आता जुन्या कागदांत आमच्या पणजीसासूबाईंच्या नावापुढे 'पाटाची बायको' असं सापडलं, तर घरात कोणी त्यावर बोलेना. हे सगळे पाट एकच का? आणि पाटोडीतला कोणता?
– एक वाचक, महाल

उत्तर : ताई, आधी कागदाचं. त्यात दडवण्यासारखं काही नाही. पहिलं ते लग्न आणि विधवेनं किंवा काडीमोड झालेल्या बाईनं पुन्हा घर मांडलं की तो पाट. मोहतूर हे त्याचंच दुसरं नाव. वाजंत्री नाही, सप्तपदी नाही. बहुधा रात्री, दोघांना पाटावर बसवून चार माणसांत उरकायचं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली आला, पण शेतकरी-कारागीर घरांतल्या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून पाट लावत होत्या. नाकं मुरडली ती पांढरपेशांनी. तुमच्या घरच्यांना सांगा, पणजीसासूबाईंचं नाव उघड घ्या.

बसायचा पाट आला संस्कृत 'पट्ट'वरून. पट्ट म्हणजे फळी, तसंच राजाचं आसनही, म्हणून पाटराणी. आपल्या नगरधनच्या वाकाटकांचे ताम्रपट सापडतात, त्यातला पट तोच. पाटीलही 'पट्टकिल'मधून आलेला. पाटा-वरवंट्यातला पाटा याच घरचा, फक्त दगडाचा.

पट्टला लांब पट्टी असाही अर्थ आहे. तेव्हा रानातून काढलेली पाण्याची पट्टी तो पाट, असं मी धरतो. तुमच्या पांझरेकाठी फडाचं, म्हणजे सामायिक बागायतीचं, पाणी वाटणारा पाटकरी असतो. आमच्याकडे पेंच धरणाचं पाणी जिच्यातून येतं तिला रामटेक-मौद्याचा शेतकरी नहर म्हणतो. त्याच्याकडे पाट मागाल तर बाप्पा, तो बसायला आणून देईल!

पाटोडी म्हणजे पाटवडी. आमची आजी घोटलेलं बेसन तेलाचा हात फिरवलेल्या पाटावरच थापायची, वरून खोबरं-कोथिंबीर दाबायची. हल्ली ताटात थापतात, तीही चालते. रस्सा मात्र पानावर बसल्यावरच ओता, नाहीतर वड्या भिजून फुटतात.