वयाचा हिशेब आधी, एमबीए नंतर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या लोकमान्यनगरातून आलेले आपले सविस्तर पत्र मिळाले. आपला मुलगा देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गेल्या ऑगस्टमध्ये त्याला २१ वर्षे पूर्ण झाली, एनसीसीची सी प्रमाणपत्राची परीक्षा तो येत्या काही महिन्यांत देईल, आणि पदवीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचे असे त्याने घरी सांगून टाकले आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की आधी एमबीए करावे, हातात काहीतरी असू द्यावे, फौजेचे मग पाहू. दोन वर्षे थांबल्याने काही बिघडेल का आणि बाहेरगावच्या शिकवणीवर मोठी रक्कम खर्च करावी का, असे आपण विचारता. अभ्यास सोडून तो गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब लिहीत बसतो, अशी तक्रारही आपण जाता जाता केली आहे. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

पदवीधरांसाठी मुख्य दार म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजेच सीडीएस. ती साधारणपणे एप्रिल आणि सप्टेंबर अशी वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही तिला बसता येते आणि ती किती वेळा द्यावी यावर बंधन नाही. बंधन आहे ते वयाचे. डेहराडूनच्या भारतीय सैन्य प्रबोधिनीसाठी १९ ते २४ आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी १९ ते २५ ही मर्यादा असून ती परीक्षेच्या दिवशी नव्हे, तर प्रशिक्षण सुरू होण्याच्या सुमारास मोजली जाते. एप्रिलची परीक्षा दिलेला मुलगा डेहराडूनला पुढच्या जानेवारीत आणि चेन्नईला पुढच्या एप्रिलमध्ये रुजू होतो, त्यामुळे मधले नऊ-दहा महिने वयातूनच वजा होतात, आणि हे घरोघरी कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या मुलाचा हिशेब मी मांडून पाहिला. येत्या एप्रिलपासून त्याने सुरुवात केली तर डेहराडूनसाठी त्याला चार संधी मिळतात आणि ते दार बंद झाल्यावर केवळ चेन्नईसाठी आणखी दोन. एमबीए पूर्ण होईपर्यंत थांबला तर डेहराडूनची एकही संधी उरत नाही आणि चेन्नईची फार तर एक-दोन. वडिलांना फक्त हे आकडे दाखवावेत. ते हिशेबी गृहस्थ आहेत असे आपल्या पत्रावरून वाटते. एमबीए अथवा एम.कॉम. करूच नये असे मी म्हणत नाही. इंदुरातच राहून ते करता करता सीडीएस देता येते, आणि निवड झाली नाही तर वर्षे वाया गेली असेही होत नाही.

बी.कॉम. झालेल्यांना सगळी दारे उघडी नसतात. नौदल प्रबोधिनीसाठी अभियांत्रिकीची पदवी लागते, आणि हवाई दलात वैमानिक होण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी नसेल तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे लागते, तेव्हा ते दोन्ही विचार सोडून द्यावेत. त्याऐवजी हवाई दलाच्या एएफसीएटी परीक्षेकडे पाहावे, कारण तिच्यातून भूशाखांमध्ये, म्हणजे विमान न उडवणाऱ्या शाखांमध्ये, विशेषतः लेखा शाखेत, वाणिज्य पदवीधर घेतले जातात आणि तेथे वयाची मर्यादा २६ पर्यंत आहे. मात्र पदवीला ६० टक्के हवेत. शेवटच्या वर्षाचे गुण म्हणूनच महत्त्वाचे. तिसरा मार्ग एनसीसीच्या विशेष प्रवेशाचा. सी प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी आणि पदवीला एकूण ५० टक्के असतील तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते. एवढ्या मोठ्या सवलतीचा उल्लेख आपल्या पत्रात कोठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. अग्निवीर भरतीशी मात्र या साऱ्याची गल्लत करू नये. ती जवानांची भरती आहे.

सीडीएसच्या लेखी परीक्षेत इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे प्रत्येकी १०० गुणांचे आणि दोन तासांचे तीन पेपर असतात. चेन्नईसाठी गणित लागत नाही. गणित दहावीच्या पातळीचे असले तरी वाणिज्य शाखेच्या मुलाने भूमिती आणि त्रिकोणमितीला पाच वर्षांत हात लावलेला नसतो, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. रोज दीड तास, पाटीवर गिरवावे तसे दहावीचे पुस्तक सोडवणे हाच उपाय आहे, आणि त्यासाठी डेहराडूनच्या शिकवणीला जाण्याची गरज नाही.

खरी कसोटी पुढे, एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या सेवा निवड मंडळाच्या, पाच दिवसांत. आपल्याला जवळचे केंद्र भोपाळचे, पण बोलावणे प्रयागराज, जालंधर किंवा बंगळुरूचेही येऊ शकते. पहिल्याच दिवशी चाळणी होते आणि पुष्कळ मुले संध्याकाळच्या गाडीने घरी परततात. जे उरतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्ये आणि मुलाखत होते. शब्दचाचणीत, म्हणजे दिसलेल्या शब्दावर सुचेल ते वाक्य लिहिण्याच्या चाचणीत, एकेका शब्दाला १५ सेकंद याप्रमाणे ६० शब्द समोर येतात; त्या वेगात घोकलेली उत्तरे टिकत नाहीत आणि माणूस जसा आहे तसा कागदावर उतरतो. शिकवणीबद्दल मी साशंक आहे तो यासाठी. चाचण्यांचे स्वरूप कळावे म्हणून चार-आठ दिवसांचा सराव हरकत नाही, पण ठरावीक साच्यातली उत्तरे पाठ करून आलेली मुले परीक्षकांना लगेच ओळखू येतात. मुलाखतीआधी भरायच्या माहितीपत्रकात छंद, खेळ आणि पार पाडलेल्या जबाबदाऱ्या विचारतात. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिणाऱ्या आणि शेवटचे पुस्तक दहावीत वाचलेल्या मुलांना मी पाहिले आहे. तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प होतात.

शरीराबाबत एकच सांगतो. चष्म्याचा नंबर, रंगांची ओळख, सपाट तळवे, एकमेकांना टेकणारे गुडघे, नाकाचे वाढलेले हाड, वजन या गोष्टी अर्ज भरण्यापूर्वी एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात, कारण सर्व टप्पे पार करून वैद्यकीय चाचणीत अडकलेल्या मुलाचे दुःख फार मोठे असते. चष्मा घालवण्याची लेसिक शस्त्रक्रिया करायचे मनात असेल तर सैन्याचे नियम आधी वाचावेत, घाईने करू नये. सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या रात्रीच्या फेऱ्या कमी केल्या तर वजनाचे काम निम्मे होईल.

चेन्नईहून मिळते ती दहा वर्षांची अल्पसेवा, चार वर्षांनी वाढवता येणारी. ती संपवून बाहेर पडणाऱ्याला निवृत्तिवेतन नसते, हे वडिलांना आजच सांगावे. नंतर कळले तर फसवणूक वाटेल. पण प्रशिक्षणात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते, आणि सेवेतून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालय नामांकित व्यवस्थापन संस्थांमध्ये अभ्यासक्रम चालवते. वडिलांना हवे असलेले व्यवस्थापनाचे शिक्षण तेव्हाही घेता येते.

आता डिसेंबर चालू आहे आणि एप्रिलच्या सीडीएसची जाहिरात याच महिन्यात येते, तेव्हा ती येताच त्याच आठवड्यात त्याने अर्ज भरावा. त्याआधी दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख आपण स्वतः पाहावी. आयोग तीच मानतो, आणि वरचा माझा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे. एखाद्या रविवारी त्याने महूला, तेथील इन्फन्ट्री स्कूलच्या परिसराकडे सायकलने जाऊन यावे, म्हणजे व्यायामही होईल आणि आपण काय मागतो आहोत ते डोळ्यांसमोर येईल.

राहिली मंडळाची वही. पावत्या गोळा करणे, वर्गणी थकवणाऱ्यांकडे पुन्हा जाणे, मांडववाल्याशी घासाघीस करणे आणि शेवटी सर्वांसमोर हिशेब वाचून दाखवणे हे काम त्याने तीन वर्षे केले आहे, असे आपणच लिहिता. माहितीपत्रकातल्या जबाबदारीच्या रकान्यात त्याने लिहावे असे माझ्या मते हेच आहे, आणि त्यावर दहा प्रश्न आले तरी तो दहाही उत्तरे देऊ शकेल. यंदाची वही त्याच्याकडून काढून घेऊ नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक