फोटो फिका आलाय? डिलीट नका करू

प्रश्न : २०१५ च्या सिंहस्थात सकाळी रामकुंडावर काढलेला एक फोटो आहे, तेव्हा वाटलं होतं भारी आलाय, पण आभाळ पांढरंफटक आणि माणसं सगळी मळकट, डिलीट करवत नाही आणि कुणाला दाखवावासाही वाटत नाही. काही होईल का याचं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : होईल की! फक्त आधी कॉपी करून घ्या, मूळ फाइलला हात लावू नका. आणि एक सांगून ठेवते, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, आभाळ एकदा पांढरं जळालं की तिथे डिटेल उरतच नाही, ब्राइटनेस कितीही कमी करा, नुसता राखाडी पट्टा मिळतो. मग त्याच्याशी भांडत कशाला बसायचं, क्रॉप करून निम्मं आभाळ उडवा. उरलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, ओल्या पायऱ्यांची चमक कशी वर येते बघा. स्नॅपसीड हे फोटो सुधारायचं अ‍ॅप फुकट आहे, त्यातल्या 'सिलेक्टिव्ह' या टूलने एकाच चेहऱ्यावर बोट ठेवून तेवढाच उजळता येतो.

मला स्वतःला डबल एक्स्पोजर आवडतं. पोपडे निघालेल्या जुन्या भिंतीचा फोटो काढायचा आणि तो या तुमच्या फोटोवर हलकासा चढवायचा, रिकाम्या आभाळाला मस्त पोत येतो. (माझ्याकडे काळ्या पडलेल्या पितळी परातीचा एक फोटो आहे, तो मी किती ठिकाणी वापरलाय विचारू नका.) सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) मात्र जपून हं, नाहीतर ऐन पावसाळ्यातली गोदावरी निळीशार दिसायची आणि नाशिककर हसायचे!