एक्सआरएफवर पहिलं बॉक्साइट लावण्याआधी

राधानगरीच्या बॉक्साइटपासून सुरुवात करतोयस, छान! एक्सआरएफ म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण टाकून त्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजणारं मशीन. त्याची धास्ती घेऊ नकोस. नवख्यांची बहुतेक गडबड मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते.

१) दळण. सगळी पूड ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेली पाहिजे. वर राहिलेले कण फेकायचे नाहीत, परत दळून त्यातच मिसळायचे. फेकलेस तर नमुनाच बदलला. भांडंही बघ. स्टीलमधून लोह आणि क्रोमियम उतरतं, टंगस्टन कार्बाइडमधून टंगस्टन आणि कोबाल्ट. जे मोजायचंय तेच भांड्यातून यायला नको.

२) गोळी, म्हणजे दळलेली पूड दाबून केलेली चकती. तिच्या मोजायच्या बाजूला बोट लावू नकोस.

३) व्हॅनेडियम. इथे बरेच जण फसतात. आपल्या जांभ्यातल्या बॉक्साइटमध्ये टायटॅनियम चांगलंच असतं. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, त्यांनाच रेषा म्हणतात. टायटॅनियमची के-बीटा रेषा ४.९३ केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), व्हॅनेडियमची के-अल्फा ४.९५ ला, म्हणजे जवळजवळ एकावर एक, त्यामुळे टायटॅनियमच व्हॅनेडियम म्हणून मोजलं जाऊ शकतं. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा लगेच खरा धरू नकोस. बॉक्साइटचाच प्रमाणित (आकडे आधीच माहीत असलेला) नमुना तशाच गोळीत लावून ताडून बघ.

मॅट्रिक्स करेक्शन (नमुन्यातल्या बाकीच्या घटकांमुळे आकड्यात येणारा फरक काढणं), फ्यूज्ड बीड (पूड वितळवून केलेली काचेची चकती) सध्या राहू दे. एकाच पुडीच्या तीन गोळ्या कर आणि आकडे जुळतात का बघ. विद्यापीठाकडे येशील तेव्हा तिन्ही घेऊन ये, बसून बघू.