बॉक्सरनं तगड्या लढती घ्याव्यात की कारकीर्द जपावी?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ 21 वर्षांचा आहे, तासगावला सराव करतो, प्रोफेशनलमध्ये चार बाऊट, म्हणजे लढती, लढला आणि चारही जिंकला. आता पाचव्या बाऊटसाठी मुंबईहून विचारणा आलीय आणि समोरचा अकरा बाऊट लढलेला आहे. घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात भिडू दे, मामा म्हणतात रेकॉर्डला डाग लागेल.

मी साताऱ्याचा. वडील तालमीतले, मी फौजेत असताना बॉक्सिंगकडं वळलो आणि आता रोज पहाटे पोरांना शिकवतो. मला विचाराल तर मामांची काळजी खरी आहे, पण ते चुकीची गोष्ट जपतायत. रेकॉर्ड गेलं तर परत उभं करता येतं. डोक्याला मार बसला तर तो अंगातून जात नाही. घरात बोलणी होतील तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

आधी रेकॉर्डचं बोलतो. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात जोड लावतात, ती पद्धत तुम्ही लहानपणापासून बघितली असेल. माझे वडील सांगायचे, चांगला वस्ताद पोराला बोटभर वरचढ जोड देतो. कच्च्या पोरांना दहा वेळा चितपट केलं की अंगात वारं शिरतं, आणि फार थोराड गडी दिला तर पोराची मान दुखावते आणि मनही मोडतं. त्यांचे वस्ताद दुसऱ्या तालमीतल्या पोरांच्या कुस्त्या बघायला मुद्दाम जायचे. कोण कितव्या मिनिटाला धापा टाकतो, कुणाचा गुडघा दुखरा आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये हेच काम मॅचमेकर करतो. फरक एवढाच की वस्ताद आपल्या पोराचा असतो आणि मॅचमेकर कार्यक्रम भरवणाऱ्याचा.

हरण्यानं कारकीर्द संपते ही भीती मला पटत नाही. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते, कांस्य मिळालं ते 1952 ला हेलसिंकीत. बॉक्सर निखत झरीननं 2019 मध्ये मेरी कोमशी ट्रायल, म्हणजे निवडीची लढत, व्हावी म्हणून जाहीर मागणी केली, ट्रायल झाली आणि ती 9-1 अशी हरली. लोकांनी काय काय ऐकवलं तिला! 2022 ला ती जागतिक विजेती झाली, 2023 ला पुन्हा. मेक्सिकोचा बॉक्सर कॅनेलो अल्वारेझ 23 वर्षांचा असताना अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरकडून हरला आणि 2021 मध्ये त्याच्याच खांद्यावर सुपर मिडलवेट वजनगटातल्या जगज्जेतेपदाचे चारही पट्टे होते.

आता उलटी बाजू. विजेंदर सिंगनं 2008 ला बीजिंगमध्ये कांस्य आणलं, 2015 ला प्रोफेशनल झाला आणि सलग 12 बाऊट जिंकला. मार्च 2021 मध्ये गोव्यात रशियाच्या लोपसाननं त्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवलं. त्याआधी विजेंदर रिंगमध्ये उतरला होता तो नोव्हेंबर 2019 मध्ये. सव्वा वर्षाहून जास्त खंड पडल्यावर कुठलाही प्रतिस्पर्धी अवघडच असतो. म्हणून लढत अवघड आहे का, हे समोरच्याच्या नावावरून ठरवू नका. तुमचा भाऊ आज कोणत्या तयारीत आहे, त्यावरून ठरवा.

डोक्याबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ते मी भोगलंय. युनिटमध्ये असताना एका स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, माझ्यापेक्षा बऱ्याच जड गड्याचा हुक कानशिलावर बसला. मी पडलो नाही, त्यामुळं कुणी फारसं मनावर घेतलं नाही, मीही नाही. त्या संध्याकाळी एकाच बुटाची नाडी मी तीनदा सोडून बांधली, शेजारच्या खाटेवरचा मित्र बघत होता. तिसऱ्या दिवशी माझी बाऊट होती. ती मी जिंकलो. तिसरा राउंड मला आजही आठवत नाही. पुढचे दीड महिने ट्यूबलाइटकडं बघवत नव्हतं आणि जेवणाचा वास आला की मळमळायचं. माझ्या रेकॉर्डमध्ये ती बाऊट जिंकलेली म्हणून आहे.

हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याला मार बसून बाऊट थांबली तर निदान 30 दिवस बाऊट नाही आणि स्पॅरिंगही नाही, असा नियम आहे. तीन महिन्यांत दोनदा तसं झालं तर 90 दिवस. हा नियम बाऊटला लागतो, पण निम्म्याहून जास्त मार सरावात बसतो आणि तिथं वहीत लिहायला कुणी नसतं. माझ्या पोरांच्या स्पॅरिंगची वही मी स्वतः ठेवतो: तारीख, जोडीदाराचं वजन, डोक्यावर जोराचे किती बसले.

1975 ला मनिलात मुहम्मद अली आणि जो फ्रेझर जगज्जेतेपदासाठी चौदा राउंड झुंजले. फ्रेझरला समोरचं दिसेनासं झालं होतं आणि तो तरीही उठायला तयार होता. त्याचे कोच एडी फच यांनी पंधराव्या राउंडला त्याला सोडलंच नाही. जगज्जेतेपद तीन मिनिटांवर असताना नको म्हणणारा माणूस कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात पोराच्या पाठीशी, असेल तर पोराला खुशाल तगड्या गड्यासमोर उभं करा.

मागं माझ्याकडच्या एका पोराला चार दिवस आधी बाऊटसाठी बोलावणं आलं. समोरचा डावखुरा, कितीतरी जास्त अनुभवी. मी नाही म्हटलं, घरचे महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. आठ महिने आम्ही डावखुऱ्या जोडीदारांबरोबर काम केलं आणि त्याच गड्याशी बाऊट घेतली. पोरगा गुणांवर हरला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोहोचायच्या आधी त्यानं फरशीवर खडूनं रेघ मारली होती आणि आपला डावा पाय समोरच्याच्या पायाबाहेर कसा टाकायचा ते एकटाच घोटत होता.

मग तुमच्या भावाचं काय? अकरा बाऊटचा अनुभव हा आकडा मला घाबरवत नाही. त्यातल्या किती नॉकआउटनं जिंकल्या, तो किती राउंड टिकतो, हे व्हिडिओ मिळवून बघा. सहा-आठ आठवडे हातात असतील, वजन त्याच्या नेहमीच्या गटातलं असेल, रिंगजवळ डॉक्टर आणि बाहेर ॲम्ब्युलन्स असेल आणि कॉर्नरमध्ये त्याचाच कोच असेल, तर माझं मत वडिलांच्या बाजूनं आहे. हरला तरी लढू दे. दहा दिवसांत या म्हणत असतील, किंवा पाणी तोडून चार-पाच किलो उतरवायला लावत असतील, तर पैसे कितीही देवोत, सरळ नाही म्हणा. सुकलेल्या अंगानं डोक्यावर मार घेणं फार धोक्याचं.

आणि मुंबईला काही कळवायच्या आधी भावाला एकट्याला बाजूला घ्या, वडील-मामा समोर नकोत. गेल्या दोन महिन्यांत सरावात किती वेळा डोळ्यांपुढं काजवे चमकले, नंतर डोकं किती दिवस दुखलं, हे विचारा. पहिल्यांदा तो काही नाही म्हणेल. पुन्हा विचारा.