परवाना, परवानगी आणि विसरलेली वरात

म्हापशाहून एका वाचकांचा प्रश्न आला आहे. प्रवासी, माल आणि टपाल नेण्यासाठी सरकार विमान कंपनीला जे देते, त्याला परवाना म्हणावे, परवानगी म्हणावे की अनुज्ञप्ती? बातम्यांत तिन्ही शब्द सापडतात. 'अनुसूचित विमानसेवा' म्हणजे काय, हेही त्यांना हवे आहे. आणि शेवटी सहज म्हणून त्यांनी लिहिले आहे की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या त्यांच्या आजोळी सरकारने लिहून दिलेल्या कागदाला 'आल्वारा' म्हणत. तो शब्द इथे बसेल का?

परवाना म्हणावे. अनुज्ञप्ती व्याकरणाने शुद्ध आहे, पण महाराष्ट्राच्या आरटीओत 'शिकाऊ अनुज्ञप्ती' इतकी वर्षे छापून येते आहे आणि ज्याच्या खिशात ती असते तोसुद्धा तिला लायसनच म्हणतो. जो शब्द सरकारी छाप्यातून बाहेर पडून लोकांच्या तोंडी गेला नाही, त्याची वकिली मी करणार नाही.

राग येतो तो परवाना आणि परवानगी एकाच मापाने मोजतात त्याचा. मार्च २०२४मध्ये गोव्यात मुख्यालय असलेली फ्लाय-९१ ही विमान कंपनी मोपा विमानतळावरून उडू लागली. तेव्हा आणि त्यानंतरही 'कंपनीला परवानगी मिळाली' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की कान किटले. परवानगी ही मागायची आणि द्यायची गोष्ट. उतरण्याआधी वैमानिक नियंत्रण मनोऱ्याकडे मागतो ती परवानगी. हिवाळ्यात परदेशी पर्यटक घेऊन येणाऱ्या चार्टर विमानांना त्या त्या फेऱ्यांपुरती मिळते तीही परवानगी. परवाना हा कागद आहे. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, अटी असतात, तो निलंबित होतो, रद्द होतो. आधी मंत्रालयाचे ना हरकत पत्र, मग विमाने आणि माणसे जमवणे, मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून नियमपुस्तिकांची, देखभालीची आणि वैमानिकांची तपासणी, चाचणी उड्डाणे, आणि हे सगळे पार पडल्यावर परवाना. एवढ्या सगळ्याला 'परवानगी मिळाली' म्हणणे म्हणजे लग्नाला 'होकार आला' म्हणण्यासारखे आहे.

१९३७च्या विमान नियमांतला १३४ वा नियम केंद्र सरकारच्या परवानगीखेरीज नियमित विमानसेवा चालवू नये असेच म्हणतो, हे मला कोणी दाखवायला नको. बरोबरच आहे. सरकार देते ती परवानगी आणि ती दिल्याची खूण म्हणून कंपनीच्या हाती पडतो तो परवाना. रवाना आणि रवानगी, मर्दाना आणि मर्दानगी, तसेच परवाना आणि परवानगी. फारसीत शेवटचा 'गी' लागून भाववाचक नाम होते. म्हणजे मूळ शब्द परवाना, परवानगी त्याच्यापासून झाली.

इथे काही मंडळी 'पर म्हणजे पंख, म्हणून परवाना, आणि म्हणूनच विमानाला हा शब्द शोभतो' असे लिहितात. शोभतो, पण व्युत्पत्ती शोभेवर ठरत नाही. पतंग, म्हणजे दिव्यावर झेपावणारा किडा, त्या अर्थाचा परवाना फारसीत आहे हे खरे. हुकुमाचा परवाना मात्र मी पहलवीतल्या, म्हणजे इस्लामपूर्व फारसीतल्या, 'परवानग'शी जोडतो. परवानग म्हणजे पुढे चालून वाट दाखवणारा. अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सेल्जुक दरबारात तेराव्या शतकात 'परवाना' हे अधिकाऱ्याचे पद होते, आणि मुईनुद्दीन सुलेमान परवाना हा त्या पदावरचा सर्वांत नामांकित माणूस. हुकूम घेऊन जाणारा माणूस आधी आणि त्याच्या हातातला कागद नंतर, असा हा प्रवास मला दिसतो. पंखवाल्यांना हवीच असेल तर एक गोष्ट देतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले, आणि टाटांची नियमित हवाई टपालसेवा तिथून सुरू झाली. त्यांच्या विमानाचे नाव होते पस मॉथ. मॉथ म्हणजे पतंग, म्हणजे फारसीतला परवाना! हा योगायोग मला फार आवडतो. पण योगायोगाला व्युत्पत्ती म्हणू नका.

आता आल्वारा. खरे तर या एका शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. गोव्यात आल्वारा म्हटले की आज जमीनच आठवते. सत्तरीत आल्वारा, मोकासो, आफ्रामेंत हे जमिनीच्या हक्काचे शब्द शेतकऱ्याच्या घरात रोज बोलले जातात, आणि पोर्तुगीज अमदानीत लागवडीसाठी तात्पुरत्या दिलेल्या जमिनींचा प्रश्न विधानसभेपर्यंत जातो. पोर्तुगीजांकडे मात्र 'आल्व्हारा' हा आधी राजाज्ञेचा एक प्रकार होता आणि आज पोर्तुगालमध्ये नि ब्राझीलमध्ये दुकान, बांधकाम, धंदा यांच्या सरकारी परवान्याला आल्व्हाराच म्हणतात. दाबोळीहून दीव, दमण, कराचीकडे जाणारी ताइप ही १९५५ साली पोर्तुगीज राजवटीनेच काढलेली विमानसेवा होती. एखाद्या खासगी कंपनीने तेव्हा अर्ज केला असता, तर तिला मिळालेल्या कागदाला आल्व्हारा म्हणणे त्या भाषेत अगदी चपखल बसले असते.

गोव्यातले बहुतेक लिहिणारे इथे थांबतात. पोर्तुगीज रूप दिसले की शोध लिस्बनला नेऊन सोडायचा, ही आपल्याकडची खोड आहे आणि ती मला बोचते. आल्व्हारा मुळात पोर्तुगीज नाहीच. तो अरबी 'अल्-बराआ'. पोर्तुगीजांच्या मुलखावर अरबांची सत्ता होती तेव्हा हा शब्द तिथे मुरला. त्यांच्या जकातीच्या 'आल्फांदेग'मध्ये जसा अरबी 'अल्-फुंदुक' आहे, तसा हा. स्पॅनिशमध्ये याच शब्दाचे 'आल्बारान' झाले, आणि आज मालासोबत जे पोचपत्र जाते त्याला तिथे तेच म्हणतात. बराआ म्हणजे मोकळीक, देण्यातून सुटका, आणि मग त्या सुटकेचा कागद. कोर्टात आरोपी 'बरी' होतो तो याच धातूतला. अरबीत आज शोधाच्या पेटंटलाही हाच बराआ लागतो.

आणि हाच शब्द पूर्वेच्या वाटेने फारसीत 'बरात' झाला, तुर्कांकडे 'बेरात' झाला आणि मराठीत 'वरात' झाला! लग्नाची नव्हे. लग्नाची वरात वरयात्रेतून आली, ती वेगळी. मराठी कागदपत्रांतली वरात म्हणजे खजिन्यावर किंवा महालाच्या, म्हणजे महसुली विभागाच्या, वसुलावर काढलेला लेखी हुकूम. शिलेदाराला, म्हणजे स्वतःचे घोडे बाळगणाऱ्या स्वाराला, रोख पगाराऐवजी अमुक महालावर वरात मिळे, ती दाखवून तो तिथून पैसे घेई. मराठी-इंग्रजी कोशकार मोल्सवर्थने हिची नोंद केलेली आहे, आणि दप्तरांतले कागद चाळणाऱ्याला ती पानोपानी भेटते. म्हणजे मांडवीच्या एका काठावर पोर्तुगीज कारकून आल्व्हारा लिहीत होता आणि घाटावर मराठी कारकून वरात लिहीत होता. दोघे एकच अरबी शब्द लिहीत होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. एक शब्द जिब्राल्टरच्या बाजूने समुद्राने आला, दुसरा इराणच्या बाजूने जमिनीने आला, आणि दोघे सह्याद्रीच्या दोन उतारांवर येऊन बसले. तुमच्या आजोळच्या शब्दाला परका म्हणणाऱ्याला हे सांगा.

यावरून माझे एक मत आहे, ते कोशांत नाही. 'वरातीमागून घोडे' या म्हणीत सगळे लग्नाचीच वरात पाहतात. नवरदेव घोड्यावर असतो, मग घोडे मागून कसे येतील, म्हणून उशिराच्या कामाला ती म्हण, असे सांगतात. मला हे पुरेसे वाटत नाही. म्हणीत घोडे अनेकवचनी आहे असे मी वाचतो, आणि नवऱ्याला घोडा एकच लागतो. वसुलाची वरात मात्र घोड्यांसाठीच निघे. शिलेदाराचा खर्च म्हणजे मुख्यतः त्याच्या घोड्यांचा खर्च. वरात पुढे गेली, महालावर पैसे उचलले गेले आणि ज्यांच्या नावाने उचलले ते घोडे मागाहून हजिरीला आले, अशी स्थिती डोळ्यांपुढे आणून पाहा. म्हण लगेच दप्तरी वाटू लागते. 'घोडे' हा शब्द एकवचनी नपुंसकलिंगीही होतो, असा आक्षेप व्याकरणवाले घेतील. घेऊ देत. त्यांनी आधी नवरदेवाचा एकुलता एक घोडा वरातीच्या मागे का राहिला, ते सांगावे. विमानाच्या धंद्यातही कागद आणि वाहन यांचा क्रम हाच तर कळीचा आहे. आपल्याकडे ना हरकत पत्र आधी, विमाने मागून. तिथवर वरातीमागून घोडे चालतात. पण शेवटचा परवाना मात्र विमान हाती असल्याशिवाय, ते उडवून दाखवल्याशिवाय मिळत नाही.

राहिली अनुसूचित विमानसेवा. हा शब्द ताबडतोब टाकून द्या. इंग्रजीत शेड्यूल म्हणजे परिशिष्टही आणि वेळापत्रकही. अनुसूचित जाती घटनेच्या ३४१व्या कलमाप्रमाणे जाहीर झालेल्या यादीत आहेत, म्हणून अनुसूचित. विमानसेवा कोणत्या यादीत आहे? नियमांतली व्याख्याच पाहा: त्याच दोन किंवा अधिक ठिकाणांदरम्यान, प्रसिद्ध केलेल्या वेळापत्रकाप्रमाणे किंवा तितक्याच नियमितपणे चालणारी, कोणालाही वापरता येणारी सेवा. १९५३च्या राष्ट्रीयीकरणानंतर अशी सेवा सरकारी महामंडळांखेरीज कोणाला चालवता येत नव्हती. पुढे खासगी कंपन्यांना एअर टॅक्सी म्हणून वाट दिली, तेव्हा सुरुवातीला त्यांना वेळापत्रक छापायची मुभा नव्हती. कायद्याचा तो अडसर १९९४ साली गेला. सगळा झगडा वेळापत्रकाचा होता, यादीचा नव्हे. हिंदी परिपत्रकातला शब्द तसाच उचलून आपल्या बातमीदारांनी तो मराठीत रुजवायचा चालवला आहे. 'नियमित विमानसेवा' म्हणा, नाहीतर सरळ 'वेळापत्रकी' म्हणा. बातमी अशी लिहा: 'अमुक कंपनीला प्रवासी, माल आणि टपाल यांच्या नियमित हवाई वाहतुकीचा परवाना मिळाला.'