सोसायटीच्या कंपाऊंड वॉलवर सगळ्या रहिवाशांनी मिळून टाइल्सच्या तुकड्यांचं चित्र करायचंय. सुरुवात कशी करावी? परवानगी कोणाची लागते?

परवानगीचं आधी सांगते, ते सोपं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतेच, तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला लावा आणि ठराव करून घ्या. खर्च वर्गणीतून करा. सिंकिंग फंडाला हात लावू देऊ नका, तो इमारतीच्या मोठ्या कामांसाठी असतो. भिंतीची बाहेरची बाजू फुटपाथला लागून असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात पत्र देऊन पोच घेऊन ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातला 'सगळ्या रहिवाशांनी' हा शब्द. ह्या शब्दावरून मी २०१४ साली भांडले होते आणि तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

आम्ही तेव्हा डोंबिवली पूर्वेला भाड्याने राहत होतो. ४८ फ्लॅट्सची सोसायटी, रस्त्याकडे ९० फूट लांब भिंत आणि त्या भिंतीचं जे व्हायचं तेच झालेलं. पानाच्या पिचकाऱ्या, संध्याकाळनंतर आडोसा. देवांच्या टाइल्स लावू या, असं दर सभेनंतर कोणीतरी म्हणायचं. मला ते तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. घाण थांबवायला देवाला राखणीला उभं करायचं आणि आपण घरात बसायचं, ह्यात कसली भक्ती?

त्या वर्षी आठ-दहा घरांत बाथरूमची कामं निघाली होती. गेटजवळ फुटक्या टाइल्सच्या गोण्या पडलेल्या. माझे वडील सुट्टीला आले होते, त्यांनी एका गोणीत हात घालून मूठभर तुकडे काढले आणि म्हणाले, "एवढा माल टाकून देतात व्हय?"

बाबा लादीचं काम करायचे. खटाव तालुक्यातून १९७१ ला मुंबईत आले आणि पुढची चाळीस वर्षं लोकांच्या घरात लाद्या आणि गच्च्यांवर चायना मोझॅक बसवलं. चायना मोझॅक म्हणजे तुम्हाला जे करायचंय तेच, फक्त आडवं आणि पांढरं. पांढऱ्या टाइलचे तुकडे कोब्यावर हाताने दाबत जायचे, ऊन परततं, पाणी मुरत नाही. पण गच्चीवर जाऊन ते कोण बघतं? मी बाबांना मोबाइलवर चंदीगडच्या रॉक गार्डनचे फोटो दाखवले. नेक चंद हे तिथे सरकारी खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. फुटक्या कपबशा, बेसिनं, बांगड्या गोळा करून त्यांनी कोणाला न सांगता ते उभं केलं आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. बाबांनी फोटो मोठा करून आधी सांधे बघितले. मग म्हणाले, बांगड्या चांगल्या दिसतात, आपण पण घेऊ.

चित्र काय काढायचं ह्यावर लोक महिनाभर घालवतात. आमचं एका संध्याकाळी ठरलं. १२ डब्यांची लोकल, डब्याला ४ खिडक्या, म्हणजे ४८ खिडक्या. प्रत्येक घराला एक. खिडकीत काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मोटरमनची केबिन वॉचमनच्या कुटुंबाला आणि मागची गार्डची केबिन सफाईला येणाऱ्या दोघींना. तुम्हीही असंच काहीतरी शोधा, ज्यात प्रत्येकाला आखलेला तुकडा मिळेल पण आत कोणी ढवळाढवळ करणार नाही. एखाद्या चित्रकाराला बोलावून त्याचं चित्र रहिवाशांकडून भरून घेणं हे मला मान्य नाही. त्यात रहिवासी फक्त मजूर होतात.

बाबा सहा रविवार कल्याणहून आले. ओळंबा, गुण्या (काटकोन बघायचा), दोरी, थापी सगळं पिशवीत. भिंतीचा जुना रंग खरवडून, सिमेंट धरावं म्हणून टाचे मारून घेतले, मग दोरी धरून डब्यांची रेघ मारली. निवृत्त बँक मॅनेजरांना तुकडा कसा फोडायचा ते शिकवलं: गोणपाटात गुंडाळून, हातोडीचा एकच ठोका. सिमेंटचा माल पंधरा मिनिटांत तुकड्यांनी भरेल एवढाच लावायचा, नाहीतर सुकतो आणि तुकडा धरत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लोणच्याची फुटकी बरणी आणली होती. तिचा गोल काठ बाबांनी अख्खा बसवून दिला, खिडकीत बसलेल्या बाईचा अंबाडा म्हणून. सोसायटीत एकमेकांशी न बोलणारी दोन घरं शेजारच्या खिडक्यांवर काम करत होती आणि पांढरं सिमेंट एकाच घमेल्यातून घेत होती.

मग फलक लागला. संगमरवरी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, कमिटी, आणि खाली 'सर्व सभासदांच्या सहकार्याने'. बाबांचं नाव नाही, वॉचमनचं नाही, आम्हा ११ भाडेकरू घरांतल्या एकाचंही नाही. विचारलं तर सचिव म्हणाले, "सोसायटी म्हणजे सभासद. तुमचे वडील तर इथे राहतही नाहीत." सभेत बोलायला उठले तर मला खाली बसवलं. भाडेकरू जास्तीत जास्त नाममात्र सभासद, त्याला मत नाही.

कायद्याने ते बरोबर होते, ठरावापुरते. भिंतीच्या बाबतीत नव्हते. आमच्यामुळे घरमालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या १० टक्के जादा, घेताना आम्ही तिथे राहतो हे सोसायटीला बरोबर आठवायचं. सभासद होण्यासाठी शेअर सर्टिफिकेट लागतं. त्या भिंतीवर उन्हात उभं राहायला ते कोणी मागितलं नव्हतं.

बाबांनी फलक पूर्ण वाचला. कडेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "लेव्हलला नाय बसवला." २०१९ मध्ये ते गेले.

म्हणून माझा सल्ला हा, की नावांचं आधी ठरवा, चित्राचं नंतर, आणि ते ठरावातच लिहून घ्या. फलक नकोच. भिंतीच्या तळाला सहा इंचांची पट्टी मोकळी ठेवा, कामाच्या दर दिवशी तिच्यात थोडा ओला गिलावा भरा आणि ज्याने ज्या दिवशी काम केलं त्याने त्याच दिवशी खिळ्याने आपलं नाव त्यात ओढायचं. घरकामाच्या मावशी, सुट्टीत आजीकडे आलेली नातवंडं, कोणीही. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा. पट्टी वाळली की कुठल्याच सचिवाला त्यात काही करता येत नाही.

थोडं राहिलं. व्हिट्रिफाइड टाइलचे तुकडे साध्या सिमेंटवर बसवू नका. ती टाइल पाणी जवळजवळ पितच नाही, त्यामुळे सिमेंट तिला धरत नाही. टाइल ॲडेसिव्ह लागतं. बाबांनी हे सांगितलं होतं, कमिटीने पैसे वाचवले आणि पहिल्याच जुलैत चार खिडक्या गळाल्या. साध्या ग्लेझ्ड टाइल्स भिजवून घेतल्या तर सिमेंटवर चालतात. फोडताना सगळ्यांना गॉगल आणि हातमोजे. शेवटचं ॲसिडने धुणं मुलांच्या हाती देऊ नका. आणि सगळ्या कमिट्या सारख्या नसतात हेही खरं; आमच्या खजिनदार काकू त्या सभेत आमच्या बाजूने एकट्या बोलल्या होत्या.

तुमची इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल आणि पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर थेट भिंतीवर करूच नका. सिमेंट बोर्डाच्या फळ्यांवर करा आणि स्क्रूने लावा, म्हणजे उतरवून नव्या इमारतीत नेता येईल. आमची लोकल तशी निघणार नाही. त्या सोसायटीने बिल्डर नेमलाय असं मागच्या महिन्यात कळलं.

बाबांची थापी आणि गुण्या माझ्याकडे आहेत. तुम्ही ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत कुठेही असाल तर कळवा, रविवारी सकाळी येईन.