वर्षभर कुणाच्या शेजारी बसणार?

संगीताची पदवी घेताना एखादं वर्ष प्रत्यक्ष कामावर घालवावं का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतल्या पाचांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : मी कळव्याला राहते, शास्त्रीय गायनाच्या पदवीचं दुसरं वर्ष संपतंय. अंधेरीचा एक मोठा स्टुडिओ मला वर्षभरासाठी घ्यायला तयार आहे. ठाण्यात नाटकं आणि मैफली करणारे एक साउंडवालेही बोलावताहेत. घरचे म्हणतात, स्टुडिओचं नाव मोठं आहे, तिथेच जा. रियाज तुटेल याची मला भीती वाटते.

दोन्हीकडे एकच गोष्ट विचार : काम चालू असताना मी कुणाच्या शेजारी बसणार? नाव मोठं असलं तरी तू दाराबाहेर बसणार असशील, तर वर्ष वाया जाईल. मी स्वतः शिकाऊ असताना एका नावाजलेल्या स्टुडिओत आठ महिने काढले. रेकॉर्डिंग सुरू असताना आत बसायला मिळालं ते जेमतेम पाच-सहा वेळा. बाकी वेळ फाइलींना नावं देण्यात आणि कलाकारांच्या गाड्यांचे फोन करण्यात गेला.

खरं शिक्षण नंतर झालं, छोट्या मैफलींना साउंड करणाऱ्या एका माणसाच्या मिक्सरशेजारी. गाणाऱ्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याला स्वतःला ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, तबला वर आला की तानपुरा बुडतो, मग गाणारा नकळत आवाज चढवतो आणि षड्ज, म्हणजे मूळचा 'सा', हलतो, हे त्यांनी मला कानाने ऐकवलं. त्याआधी अशा वेळी मी गायकालाच दोष देत असे. गाणाऱ्या मुलीला हे कळलं तर उद्या ती स्वतः व्यासपीठावर बसून नेमकं सांगू शकेल की मला काय हवंय. गडकरी रंगायतनात एक दिवस नाटक आणि दुसऱ्या दिवशी मैफल असेल, तर त्याच सभागृहात मायक्रोफोन किती वेगळे लावावे लागतात, हे दोन दिवसांत दिसतं. म्हणून माझं मत ठाण्याच्या बाजूने आहे. मात्र ते साउंडवाले तुला मिक्सरजवळ बसवणार असतील तरच.

प्रवासाचाही विचार कर. कळव्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, आणि रात्री उशिरा परत. त्यात रियाजाची सकाळ जाते. कुठेही गेलीस तरी सकाळचे दोन तास पहिल्याच दिवशी मागून घे. मध्येच मागितले तर ते कुरकूर वाटतात.

आणि कान जप. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ ला फक्त एक तास. उत्सवातल्या स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहावं लागलं तर संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग वापर. कान एकदा गेला की परत येत नाही.

प्रश्न : कॉलेज म्हणतं, ऑन जॉब ट्रेनिंग आहेच, वेगळं वर्ष कशाला? (वाशी)

ते प्रशिक्षण साधारणपणे ४ श्रेयांकांचं (क्रेडिटचं) असतं. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास, म्हणजे पूर्णवेळ केलं तर तीन-चार आठवडे. तेवढ्यात जागा आणि माणसं कळतात, हात बसत नाही. पूर्ण वर्ष हवं असेल तर प्रवेश न गमावता खंड घेता येतो का, हे कॉलेजकडून लेखी घे. तोंडी होकारावर वर्ष लावू नकोस.

प्रश्न : जाहिरातींच्या स्टुडिओत शिकाऊ आहे. मी बांधलेली चाल त्यांनी वापरली, माझं नाव कुठेच नाही. चाल माझी ना? (नेरुळ)

चाल तुझ्या डोक्यातून आली हे खरं. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की नोकरीत किंवा शिकाऊपणात, त्या कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. शिकाऊपणाचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे, आणि बहुतेक मुलांना हे ठाऊकच नसतं. तरी निर्माता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलम ५७ ने तुझ्याकडेच राहतो, तो मालकीपासून वेगळा आहे. तेव्हा आधी शांतपणे नाव माग. पुढच्या कामाआधी दोन ओळींचा ईमेल पाठव : चाल वापरली तर श्रेय कसं द्याल, मोबदला काय. घरी स्वतःसाठी बांधलेल्या चाली स्टुडिओच्या संगणकावर ठेवू नकोस आणि तारखेसह वेगळ्या जपून ठेव.

प्रश्न : मुलगी ब्रिटनमध्ये संगीताच्या चार वर्षांच्या पदवीला जातेय. तिसरं वर्ष कामाचं आहे. त्या पगारात खर्च निघेल का? (खारघरचे पालक)

ते गृहीत धरू नका. तिथल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या, एका वर्षापर्यंतच्या अशा कामाला तिथल्या किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. काही ठिकाणी चांगला पगार मिळतो, काही ठिकाणी फक्त प्रवासखर्च. त्या वर्षाची फी सहसा कमी असते, पण शून्य नसते. जागा बहुधा मुलीलाच शोधावी लागते, आणि शोध दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सुरू करायला हवा. वाद्यवृंदाचं कार्यालय, महोत्सव, प्रकाशनसंस्था, शाळा, सगळीकडे अर्ज करू द्या. कार्यालयातली जागा म्हणून नाक मुरडू नका, कार्यक्रम कसा उभा राहतो ते तिथेच दिसतं.

एक धोका मात्र आधीच सांगते. विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. शनिवार-रविवारी कुणाच्या लग्नात पैसे घेऊन गायलं तर व्हिसा अडचणीत येऊ शकतो. गाण्याचं कुठलंही आमंत्रण स्वीकारण्याआधी तिने विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला विचारलंच पाहिजे.

प्रश्न : तबला वाजवतो. स्टुडिओ नको, शिकवणं नको. मग वर्ष कुठे घालवू? (कोपरखैरणे)

तबले दुरुस्त करणाऱ्याकडे जा. पुडी (वरचं कातडं) कशी चढते, शाईचे (मधल्या काळ्या वर्तुळाचे) थर कसे बसतात, गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकताना सूर कुठे अडतो, हे कळलेला तबलजी पावसाळ्यात उतरलेल्या वाद्यापुढे हतबल होत नाही. त्यांना पहिल्याच भेटीत सांग की मला पैसे नकोत, फक्त रोज शेजारी बसू द्या. आणि स्वतःचा तबला बरोबर घेऊन जा, पहिला हात त्याच्यावरच चालव.